दुसऱ्याची बदनामी, आपलं गिऱ्हाईक : सांगलीच्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर माझं हिशेब आणि करसल्ल्याचं ऑफिस आहे. दोन खोल्या, एक संगणक, आणि हंगामात हळदीचा वास फुकट. लोक येतात रिटर्नचं विचारायला, पण चहा येईपर्यंत विषय वेगळाच निघतो : अमक्याचं नाव खराब झालं, आता आमचं काय? तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून काढली. हळद, बेदाणा, द्राक्ष, किराणा, पतसंस्था हे आपल्याकडचे धंदे डोळ्यांसमोर आहेत. कलमं लागली तिथं दिली आहेत. पण हातात नोटीस पडली असेल तर वाचत बसू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा.

खोट दुसऱ्याने केली. माझं गिऱ्हाईक का तुटतं?

कारण गिऱ्हाइकाला तुमच्यात आणि त्याच्यात फरक दिसत नाही. ऐकायला बोचतं, पण पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

गणपती पेठेत ओळखीच्या एका किराणा दुकानात उभा होतो. कुठल्याशा गिरणीत हळद पावडरीत रंग मिसळताना धाड पडल्याची बातमी त्याच सकाळी पेपरात आली होती. एक बाई आल्या, पाव किलो हळद मागितली. दुकानदाराने पोत्यातून काढून पिशवीत भरली, काट्यावर ठेवली. बाईंनी चिमूटभर तळहातावर घेतली, बोटाने चोळली, बोट पदराला पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या, घरात आहे थोडी." घरात असती तर त्या आल्याच नसत्या. हा दुकानदार सौद्यात स्वतः हळकुंडं घेतो, समोर उभा राहून दळून आणतो. त्या गिरणीचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही. पण पोत्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पेपरातली पावडर पिवळी आणि ही पण पिवळी, एवढंच त्या बाईंना दिसलं.

गंमत अशी की मागच्या फळीवर त्याच्याच दळणाची पाकिटं होती. नाव, पत्ता, तारीख छापलेली. ती त्या आठवड्यात नेहमीसारखी खपली. हळद पोत्यातलीच, दळणही तेच. (सुटी मसाला पावडर विकायला कायद्याने मनाईच आहे, फक्त पाकीटबंद विकता येते. पेठेत अजून विकली जाते ही गोष्ट वेगळी.)

बदनामी तुमच्या दारात दोन वाटांनी येते. एक दिसण्याची : तोच माल, तीच पेठ, तेच आडनाव, तसलंच पोतं. दुसरी व्यवहाराची : बिलं, सह्या, जामीन, ठेवी. पहिल्या वाटेने गिऱ्हाईक जातं. दुसऱ्या वाटेने बँक आणि सरकारी खाती येतात. तुमच्यावर आलेलं संकट कुठल्या वाटेने आलंय ते आधी ओळखा, कारण पहिल्यावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

माझा त्या मालाशी काडीचाही संबंध नाही. तरीही?

तरीही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमधलं चिकन आठवा. कोरोना कोंबडीतून येतो अशी आवई उठली. कोंबडीचा त्या विषाणूशी संबंध नव्हता, सरकार सांगत होतं, डॉक्टर सांगत होते. तरी भाव असा कोसळला की पोल्ट्रीवाल्यांना खाद्याचा खर्च निघेना. इथं तर खोट करणारा कोणी नव्हताच. आणि घाव पोल्ट्रीवर थांबला नाही. मका विकणारा, खाद्य पोचवणारा टेम्पोवाला, कोंबडी कापून देणारा, सगळे त्याच माळेत ओवले गेले.

दुसरं उदाहरण आंब्याचं. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातला आंबा घेणंच बंद केलं. सोबत कारलं, वांगं, पडवळ आणि अळूही. ज्याच्या पेटीत माशी नव्हती त्याचीही पेटी अडकली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण तोवर हंगाम गेला होता. सीमेवरच्या अधिकाऱ्याला देवगडचा आणि दुसरीकडचा आंबा वेगळा करायला वेळ नसतो. त्याच्या कागदावर एकच शब्द असतो : भारत.

बाहेरगावचे खरेदीदार अख्ख्या सांगलीलाच नाव ठेवतात. त्यावर काय करायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठा पाण्यात, दुकानं पाण्यात. पाणी ओसरल्यावर परगावच्या खरेदीदारांचा फोनवर पहिला प्रश्न असायचा, "माल पुरातला नाही ना?" माझ्या दोन पक्षकारांची गोदामं कुपवाडला, पाण्यापासून लांब. एकाने प्रत्येक थप्पीवर लॉटची चिठ्ठी लावलेली, गोदामाची पावती जुलैची. त्याने फोटो आणि पावती पाठवली, माल ठरल्या भावाने गेला. दुसरा म्हणाला, "अहो, चाळीस वर्षांचा शब्द आहे आमचा." शब्द खरा होता. पण समोरच्या नव्या मुनीमाला चाळीस वर्षं माहीत नव्हती. या दुसऱ्या पक्षकाराला शेवटी क्विंटलमागे भाव पाडून द्यावा लागला.

गावाचं नाव हे सामाईक विहिरीसारखं असतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाचं असा कायद्याचा शिक्का. पाणी सगळे भरतात, आणि एकाने घाण टाकली तर तीही सगळ्यांच्या घागरीत येते. मानांकनाच्या कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करता येते. बहुतेकांना हे माहीत असतं, करत कोणी नाही. करा. नाव वापरणारे कोण, याची यादी असेल तरच कोणी बिघडवलं ते सांगता येतं.

हळदवाल्यांनी बांगलादेशची गोष्ट मुद्दाम ऐकावी. तिथं हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, लावायची चाल पडली होती. ऐंशीच्या दशकातल्या पुरात हळद भिजून काळवंडली, तेव्हापासून हे सुरू झालं असं तिथल्या लोकांनी संशोधकांना सांगितलं. पूर, काळवंडलेली हळद आणि घाईत असलेला व्यापारी. हे तिन्ही आपल्याकडेही असतात, म्हणून सांगतोय. २०१९ मध्ये संशोधन बाहेर आल्यावर तिथल्या सरकारने बाजारात तपासणी यंत्रं नेली, दंड केले, पत्रकं चिकटवली. शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्के होतं, ते २०२१ पर्यंत शून्यावर आलं. एकट्या दुकानदाराने आपलं पोतं स्वच्छ ठेवून ते झालं नसतं. बाजार एकदमच धुवावा लागला.

परदेशातल्या बातमीचा इथं सौद्यावर परिणाम कसा होतो?

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साईड, म्हणजे जंतू मारायला वापरतात ते रसायन, सापडल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवला. दोन्ही कंपन्यांनी आपला माल सुरक्षित असल्याचं सांगितलं. पण मग इतर देशांनीही चौकशी सुरू केली, आणि आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर मसाल्यांचे नमुने उचलायला लावले. त्या चार मसाल्यांत सांगलीची सुटी हळद नव्हती. पण निर्यातदाराच्या मागे लागलेला परदेशी खरेदीदार प्रत्येक मसाल्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागू लागला की त्या दाखल्याचा खर्च आणि थांबलेले दिवस साखळीने खाली येतात.

द्राक्षवाल्यांनी हे आधीच भोगलंय. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. वेलीची वाढ रोखायला मारतात ते रसायन, बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात तेच. कंटेनर अडकले आणि ज्याने ते मारलंच नव्हतं त्याचाही भाव पडला. पण द्राक्षांकडे एक गोष्ट होती जी हळदीकडे अजून नीट नाही : ग्रेपनेट. निर्यातीच्या बागेचा प्लॉट नोंदवलेला असतो, नमुना त्या प्लॉटचा जातो, पेटीवरून मागं मागं जात बागेपर्यंत पोचता येतं. त्यामुळे वाईट पेटी कुठली हे शोधता येतं आणि बाकीच्यांना सोडता येतं. नोंदणीचा त्रास होतो म्हणून कुरकुरणारे बागायतदार माझ्याकडे खूप येतात. मी त्यांची बाजू घेत नाही.

बाहेरचा द्राक्ष व्यापारी पैसे बुडवून पळाला. मी फक्त ओळख करून दिली होती. लोक माझ्या दारात का येतात?

हा प्रश्न दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये येतो, मिरज पूर्व भागातून, तासगावातून, कवठेमहांकाळातून. गोष्ट सगळीकडे सारखीच. परप्रांतातला व्यापारी येतो, गावातला कोणीतरी त्याला खोली भाड्याने देतो, दुसरा कोणीतरी बागा दाखवतो, किलोमागे थोडं कमिशन घेतो. पहिले दोन-तीन व्यवहार रोख. मग "पुढच्या गाडीला देतो." मग फोन बंद.

पळणारा पळून जातो. पण खोली देणारा, बागा दाखवणारा, पेट्या पुरवणारा, त्याच गावात राहतो. लोकांचा राग हाताला लागेल त्या माणसावर निघतो. नंतर येणाऱ्या सरळ व्यापाऱ्यालाही भोगावं लागतं : "आधी पैसे टाका, मगच कात्री लावू." दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तो व्यापारी मग दुसऱ्या तालुक्यात जातो आणि या गावात स्पर्धा कमी झाल्याने भाव पडतो. पळालेल्या माणसाने बुडवलेली रक्कम सगळे मोजतात, हा पडलेला भाव कोणी मोजत नाही.

कायद्याचं विचाराल तर, फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे. बागेत झालेल्या सौद्याला समितीच्या परवान्याचा आधार नाही, तुमचा कागद हाच आधार. आणि एजंटाबद्दल : करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे एजंट सहसा मालकाच्या व्यवहाराला स्वतः बांधील नसतो. पण आपण कोणासाठी काम करतोय हे त्याने उघड केलं नसेल तर तो बांधील धरला जाऊ शकतो. म्हणून ओळख करून देणार असाल तर व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, जीएसटी नंबर, आधारची प्रत आणि बागायतदाराशी सरळ केलेली चिठ्ठी, एवढं करून ठेवा. "मी काय, फक्त चहाला बसवलं" हे पोलीस ठाण्यात फार काळ चालत नाही.

पुरवठादाराचं जीएसटी रजिस्ट्रेशन रद्द झालं. माझा काय दोष?

दोष नाही, पण भुर्दंड आहे. ही व्यवहाराची वाट. जीएसटी कायद्याचं कलम १६(२)(सी) म्हणतं की विकणाऱ्याने सरकारात कर भरला असेल तरच घेणाऱ्याला त्याची वजावट मिळते. त्याने बिल केलं, तुम्ही पैसे दिले, त्याने कर भरलाच नाही, तर नोटीस तुम्हाला. नियम ३७ए प्रमाणे पुरवठादाराने वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत ३बी (कर भरायचं रिटर्न) भरलं नाही तर तुम्ही ३० नोव्हेंबरपर्यंत वजावट परत करायची. आणि बिल बनावट असल्याचा संशय आला तर नियम ८६ए खाली अधिकारी तुमचं क्रेडिट, म्हणजे हीच वजावट, गोठवू शकतो.

बनावट बिलांचं जाळं पकडलं गेलं की त्यातल्या प्रत्येक पार्टीची यादी निघते. त्या यादीत तुमचं नाव एका खऱ्या बिलामुळेही येऊ शकतं. मग बँकेतला साहेब कॅश क्रेडिट नूतनीकरणाच्या वेळी त्याबद्दल विचारतो, आणि बँकेतलं पेठेत पोचायला संध्याकाळ लागत नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत. दर महिन्याला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पोर्टलवरचं विवरण) आपल्या बिलांशी जुळवा. नव्या पार्टीचा नंबर पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, रिटर्न भरल्याच्या तारखाही दिसतात. वजनकाट्याची पावती, गाडी नंबर, ई-वे बिल, बँकेतून दिलेले पैसे, हे एका फाईलला लावा. माल खरोखर आला हे तुम्हालाच दाखवावं लागणार आहे.

एक बँक बुडाली की दुसऱ्या बँकेपुढे रांग का लागते?

कारण ठेवीदाराला ताळेबंद दिसत नाही, पाटीवरचा 'सहकारी' हा शब्द दिसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या दिवसांत सांगलीतल्या धडधाकट बँकांच्या शाखांतही लोक "आमचं सुरक्षित आहे ना?" म्हणून विचारत फिरत होते. तो झाला दिसण्याचा भाग. व्यवहाराचा भाग असा की काही पतसंस्थांनी आणि बँकांनी आपल्याच ठेवी पीएमसीत ठेवल्या होत्या. त्यांचा पैसा खरोखरच अडकला.

आपल्या शेजारचंच उदाहरण जुनं आहे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराडचं नाव आलं. बनावट बँक रिसीटांचा (हातात नसलेले रोखे विकल्याच्या पावत्यांचा) उद्योग मुंबईत चालला होता. कराडच्या ठेवीदाराला शेअर बाजार कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं, पण पाटीवर गावाचं नाव होतं. बँक गेली, १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

एक गोष्ट नीट वाचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख होता). पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. लोक दोन्हींना 'बँक' म्हणतात आणि इथंच फसतात. दुकानाचं सगळं खेळतं भांडवल एका पतसंस्थेत ठेवू नका. तिच्यावर अफवा आली तर चेक अडकेल, चेक अडकला की तुमच्याबद्दल अफवा येईल.

मी जामीन राहिलो होतो. कर्ज त्याचं, नाव माझं खराब?

हो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सिबिलवरही ते दिसतं. "सही नुसती फॉर्मॅलिटी" असं म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहा, मग तो साडू असला तरी.

भागीदारीतून बाहेर पडलो. दोन वर्षांनी जुन्या भागीदाराने पैसे बुडवले. माझ्याकडे का येतात?

कारण तुम्ही बाहेर पडल्याचं बाजाराला सांगितलंच नाही. भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे, पण या बाबतीत फार व्यवहारी आहे. कलम ३२ प्रमाणे निवृत्त झाल्याची जाहीर सूचना देईपर्यंत बाहेरच्या लोकांसाठी तुम्ही भागीदारच. आणि नोंदणीकृत फर्म असेल तर ती सूचना कशी द्यायची हे कलम ७२ मध्ये आहे : भागीदारी निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात, आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. लोक वर्तमानपत्राची छोटी जाहिरात देतात आणि बाकीचं विसरतात. काही जण तर आपसात स्टँप करून तो कपाटात ठेवतात. कपाटातला स्टँप पेठ वाचत नाही. बिलबुकावरचं, पाटीवरचं, व्हिजिटिंग कार्डावरचं तुमचं नावही काढून घ्या. ते राहू दिलंत आणि त्यावर विसंबून कोणी उधार दिलं तर कलम २८ आडवं येतं.

भावाभावांची दुकानं वेगळी झाली, आडनाव एकच. त्याच्या तक्रारी माझ्यावर येतात.

'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीची आपण पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा केली. ती पाटी लावणाऱ्याला हा सगळा विषय आपल्याआधी कळला होता. पाटीचा रंग, अक्षर, पिशवी बदला. पण 'मूळ दुकान' असं लिहायच्या आधी दोनदा विचार करा. त्याने दोघांचं भांडण गिऱ्हाइकाला कळतं, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जातं. भावाबद्दल विचारलं तर "त्यांचं वेगळं, आमचं वेगळं, बिल बघून घ्या" यापलीकडे बोलू नका.

बदनाम झालेल्या पेढीत मी नोकरीला होतो. आता कुठं घेत नाहीत.

मालक सावरतो, मुनीम अडकतो, हे मी चार-पाचदा पाहिलंय. मोठ्या प्रमाणावर बघायचं तर आर्थर अँडरसन. दाभोळमुळे आपल्याला माहीत झालेली एन्रॉन २००१ च्या डिसेंबरात बुडाली, तिचे हिशेब तपासणारी ही जगातल्या पाच मोठ्या संस्थांपैकी एक. २००२ मध्ये ती दोषी ठरली. जगभर सुमारे ८५,००० माणसं होती, त्यातल्या बहुतेकांनी एन्रॉनची फाईल उघडूनही पाहिली नव्हती. गिऱ्हाइकं सोडून गेली, संस्था मोडली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकाल हातात घ्यायला संस्थाच उरली नव्हती. हिशेब तपासणं हा विश्वासाचाच धंदा, म्हणून तिथं कोर्टाच्या आधी बाजाराने निकाल लावला.

तुमच्यापुरतं सांगतो. मुलाखतीत जुन्या पेढीचं नाव लपवू नका, सांगलीत ते लपत नाही. तुमच्याकडे काय काम होतं आणि काय नव्हतं हे आधीच सांगा. पगाराच्या पावत्या, अनुभवाचा दाखला ठेवा. आणि मालकांनो, कोणी असा आला तर त्याच्या जुन्या पुरवठादाराला एक फोन लावा. हमालांना तर सगळ्यांत जास्त माहीत असतं.

माझ्या मालाचा नमुना नापास झाला. पेपरात यायच्या आधी काय करू?

अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग करतात. त्यातला एक तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण ते नमुना घेतानाच सांगावं लागतं. तेव्हा हात थरथरतात आणि लोक फक्त सही करतात. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, मग नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो. माल तयार घेतला असेल तर पुरवठादाराचं बिल आणि लेखी हमी शोधा. विकणाऱ्याने योग्य काळजी घेतली होती हा बचाव कायद्यात आहे, पण तो कागदावर उभा राहतो. आणि त्या लॉटचा उरलेला माल आजच बाजूला काढा. ज्या दुकानांना दिलाय त्यांना स्वतः फोन करा. त्यांना ते पेपरातून कळलं तर पुढच्या वर्षीही ते तुमचा फोन उचलणार नाहीत.

व्हॉट्सअॅपवर माझ्याबद्दल खोटं फिरतंय.

पहिल्या दिवशी स्क्रीनशॉट, तारीख आणि ग्रुपचं नाव जपून ठेवा. उत्तर एकदाच द्या, छोटं, सोबत पुरावा : दाखला, बिल, फोटो. ज्याला पाठवायचं त्याला सरळ पाठवा. "आमच्याबद्दल खोटी अफवा पसरवली जात आहे" असा मोठा मजकूर सगळीकडे टाकलात तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. पक्षकाराने हे माझ्या डोळ्यांदेखत केलंय, मी अडवायच्या आत.

बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दिवाणी नुकसानभरपाई मागायची असेल तर मुदत फक्त एक वर्षाची. गोष्ट खरी असेल आणि लोकहिताची असेल तर कलम तुमच्या बाजूने नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रतिस्पर्ध्याचं नाव गेलं. आमचा धंदा वाढेल ना?

पेढे वाटायची घाई नको. ५ जून २०१५ ला मॅगीवर बंदी आली तेव्हा इतर नूडल्सवाल्यांना मैदान मोकळं व्हायला हवं होतं. झालं उलटं. आयांनी नूडल्सच बंद केल्या, इतर ब्रँडांचीही तपासणी सुरू झाली, नॉर आणि टॉप रामेनने आपला माल मागं घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला बंदी रद्द केली, नोव्हेंबरात मॅगी परत फळीवर आली.

प्रतिस्पर्ध्याची चूक त्याच्या एकट्याची असेल (उद्धट बोलतो, वजनात मारतो) तर गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं. चूक मालाची असेल तर गिऱ्हाईक मालच सोडतं.

दुकानाची रील करणाऱ्या पोराला काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीसाठी जाहिरात करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. दाव्याची खातरजमा केली असेल तर सुटका. त्याला "शंभर टक्के शुद्ध" म्हणायला लावू नका.

बदनाम झालेल्या पार्टीशी संबंध तोडायचा का?

आरोप कशाचा आहे ते बघा. भेसळीचा, पैसे बुडवल्याचा असेल तर नवा माल घेणं थांबवा, जुना हिशेब लेखी मिटवा. नुसती अफवा असेल तर थांबा. दोन आठवड्यांत खोटी निघाली तर सोडून गेलेल्यांची नावं तो माणूस विसरत नाही, आणि हळदीच्या बाजारात पुढचा हंगाम येतोच.

त्या गणपती पेठेतल्या दुकानदाराचं पुढे काय झालं?

पोतं पुढून काढलं. दळण तेच, आता सगळं पाव आणि अर्ध्या किलोच्या पाकिटांत, मागं सौद्याची तारीख आणि लॉट नंबर. पाकिटाचा खर्च वाढला म्हणून महिनाभर माझ्यापाशी रडला. त्या बाई परत आल्या का, असं विचारलं तर म्हणाला, "आल्या की. पाकीट नेलं. पण काउंटरवर फोडून, बोटाला लावून बघितलं आधी."